आधी सोसा, पुढचे पुढे पाहू

तरुण शिक्षक पहिल्या चार-पाच वर्षांतच पेशा सोडतात, या तक्रारीवर आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे. निवृत्त अधिकारी ते व्यासपीठावरून देतात, संस्थाचालक मुलाखतीच्या टेबलामागून देतात आणि शिक्षक दिनाच्या पुरवण्यांत ते दरवर्षी नव्याने छापून येते: या पिढीत तळमळ नाही. पूर्वीचे गुरुजी चिखल तुडवत वाडीवर जायचे, पगार थकला तरी वर्ग सोडत नसत; आताच्या पोरांना पहिल्या दिवसापासून सगळे हवे असते आणि दुसरी कुठली जाहिरात निघाली की ते खडू खाली ठेवून चालू लागतात. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्याला खर्च येत नाही. तळमळ वाढवायला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, भाषण पुरते. माझे म्हणणे वेगळे आहे. शिक्षकी पेशात एक न लिहिलेला सौदा होता. सुरुवातीची वर्षे कमी पैशांत, जास्त कामात, गैरसोयीच्या गावी काढायची. त्या बदल्यात पुढे कायम नोकरी, वाढता पगार, निवृत्तिवेतन आणि गावात शब्दाला वजन. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्र शासनाने या सौद्याचा उत्तरार्ध एकेक करून काढून घेतला. पूर्वार्ध मात्र ठेवला, काही बाबतींत आणखी कडक केला. तरुण शिक्षक निघून जातो तो हा हिशेब कळल्यामुळे. हिशेब कळणे हाच शिक्षकाचा दोष मानायचा असेल, तर गणिताचे तास कोणाकडे द्यायचे तेही एकदा ठरवून टाकावे.

त्यागाचा दाखला द्यायचा झाला की बोट पुण्याकडे जाते. १८८० सालचे न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि मागाहून आलेले गोखले. सरकारी नोकरीत कितीतरी अधिक मिळाले असते ती माणसे महिना पंचाहत्तर रुपयांवर राबली, हे खरेच आहे. पण हा दाखला देणारे त्या व्यवस्थेच्या अटी सांगत नाहीत. हे आजीव सदस्य संस्थेचे नोकर नव्हते, ते संस्था चालवत होते. अभ्यासक्रम, नेमणुका, पैसा या सगळ्यावर त्यांचे मत चालत असे, आणि त्या मतांवरून त्यांच्यात कडाक्याची भांडणेही होत. गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांना लहानसे का होईना, निवृत्तिवेतन होते. म्हणजे त्या गाजलेल्या त्यागालाही कारभारातला वाटा आणि म्हातारपणाचा आधार अशा दोन बाजू होत्या. या कथेतला आणखी एक तपशील शिक्षक दिनाच्या भाषणांतून हमखास गळतो. संस्थापकांपैकी टिळकांनी स्वतःच १८९० मध्ये राजीनामा दिला, कारण आजीव सदस्यांनी बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, यावर सहकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. ज्या अटींवर आपण आलो त्या बदलल्या, असे त्यांचे म्हणणे होते. टिळकांत तळमळ नव्हती, असे त्यावरून कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. अटी बदलल्या म्हणून थोर माणूस निघाला तर ते तत्त्व ठरते आणि नंदुरबारचा नवा शिक्षक निघाला तर ती चंचलता ठरते. हा भेद कशाच्या आधारावर करायचा?

आता अटी कशा बदलल्या ते क्रमाने पाहू. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पात्रता, निवड, काम सगळे नियमित शिक्षकाचे, पण पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधन. त्यानंतर लवकरच ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले. याआधी विनाअनुदानित शाळेलाही काही वर्षांनी अनुदान मिळेल अशी आशा असे. आता ती आशाच नियमाने बंद झाली. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांसाठी १९८२ च्या नियमांचे निवृत्तिवेतन गेले आणि अंशदायी योजना आली. मार्च २०२३ च्या संपानंतर समिती नेमली गेली, पर्याय पुढे आले, पण जुने निवृत्तिवेतन सरसकट परत आले नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत बोगस पट उघडकीला आले. तो घोटाळा संस्थाचालकांचा आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणाऱ्यांचा होता. त्याची शिक्षा मात्र नव्या उमेदवारांना झाली, कारण मे २०१२ मध्ये भरतीच थांबली. त्यानंतर शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल जाहीर झाले २०१७ साली, पहिली अभियोग्यता चाचणी झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात, दुसरी थेट २०२३ मध्ये. डी.एड. होऊन विसाव्या-एकविसाव्या वर्षी तयार झालेला उमेदवार तिशी गाठून शाळेत पोचू लागला. ‘तरुण शिक्षक’ म्हणताना डोळ्यांसमोर जो बिनसंसारी पोरगा येतो तो आता फारसा उरलेला नाही. शिक्षण सेवकाला बायको आहे, मूल आहे आणि दहा वर्षांच्या वाट पाहण्याची उधारी आहे.

अशा माणसाला २०२२ सालाच्या अखेरीपर्यंत प्राथमिक शाळेत महिना ६,००० रुपये मिळत होते, माध्यमिकमध्ये ८,००० आणि उच्च माध्यमिकमध्ये ९,०००. ही रक्कम दहा-अकरा वर्षे हलली नाही. उच्च न्यायालयाने ती तुटपुंजी असल्याचे सुनावले, तेव्हा जानेवारी २०२३ पासून ती अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाली. वाढ मोठी दिसते, पण नियमित प्राथमिक शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगातले नुसते मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. शेजारच्या वर्गात तेच पाठ्यपुस्तक शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी रकमेवर तीन वर्षे काढायची. यावर एक बचाव असतो की ही उमेदवारी आहे, शिकाऊ माणसाला पूर्ण पगार कोण देतो? बचाव ठीक होता, जर त्या तीन वर्षांत काही शिकवले जात असते. शिकाऊ डॉक्टरच्या डोक्यावर वरिष्ठ असतो, शिकाऊ वकिलाला सिनियर असतो. शिक्षण सेवकाला रुजू झाल्याच्या दिवशी दोन वर्ग आणि शाळेच्या किल्ल्या मिळतात. मानधन शिकाऊचे आणि जबाबदारी मुरलेल्या माणसाची, अशी ही उमेदवारी आहे.

इथे सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप घेऊ. शिक्षकाची नोकरी इतकी वाईट असती तर २०२३ च्या अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून जास्त उमेदवार का बसले? दारात रांग आहे, म्हणजे आतले लोक पळून जातात हे खोटे, असा हा तर्क. पण रांग आपल्याकडे कशाला नसते? २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज आले १० लाखांहून अधिक. रांगेवरून सरकारी नोकरीची भूक कळते, शिकवण्याची ओढ कळत नाही. उलट तलाठ्याचे उदाहरण नीट पाहिले तर माझाच मुद्दा पक्का होतो. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या श्रेणीपेक्षा खाली. वीस वर्षांचा हिशेब मांडला तर शिक्षक पुढे असतो. पण तलाठ्याला ती श्रेणी पहिल्या महिन्यापासून मिळते, भत्त्यांसह, आणि शिक्षण सेवकाला मिळतात १६,०००. तिशी ओलांडलेला, कर्जात असलेला, पुढच्या वीस वर्षांच्या आश्वासनांवर विश्वास ठेवायला कोणतेही कारण नसलेला माणूस यांतले काय निवडेल? तो तलाठी होतो, पोलिसात जातो, बँकेत जातो. कृषी सेवक आणि ग्रामसेवक यांनाही अशीच मानधनाची वर्षे काढावी लागली आहेत. ही सरकारची एक रुळलेली रीतच आहे: ज्या नोकरीत माणूस गावाशी आणि मुलांशी मनाने बांधला जातो, तिथे त्याच्या त्या बांधिलकीतून बचत करायची.

पगार हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे, आणि कदाचित धाकटा. माणूस शिकवायला आला आणि त्याला शिकवायलाच मिळाले नाही, तर दुप्पट पगारही त्याला फार काळ धरून ठेवत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम २७ सांगते की शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येणार नाही. अपवाद दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. अपवादांची ही फट इतकी रुंद आहे की मूळ नियम तीतून सहज निसटतो. मतदार याद्यांची कामे शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशीच द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, झालेल्या शिक्षकाला विचारा, तो हसेल. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेच्या एका अभ्यासात शिक्षकाच्या वर्षभराच्या शालेय तासांपैकी जेमतेम १९ टक्के तास प्रत्यक्ष शिकवण्यात जातात असे आढळले होते. बाकीचा वेळ नोंदी, अहवाल, पोषण आहार, सर्वेक्षणे आणि इतर खात्यांची कामे यांत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी जाहीर केली. वर्गवारी झाली, पण ऑनलाइन माहितीची बहुतेक कामे अखेर शिक्षकाच्याच मोबाइलवर उरली.

हे ओझे सगळ्यांवर सारखे पडत नाही. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत सरल आणि यू-डायस पोर्टलवरची माहिती, आधार पडताळणी, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, व्हॉट्सॲपवर तासाभरात मागितलेली माहिती हे सगळे कोणाकडे येते? सर्वांत नव्याकडे. ‘तुम्हाला मोबाइलचं जमतं हो,’ एवढे एक वाक्य त्याला पुरते. आणि हे काम टाळताही येत नाही, कारण त्यावर त्याचीच नोकरी अवलंबून असते. मुलाचे आधार जुळले नाही तर ते मूल पटात धरले जात नाही; पट घटला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवताना, पद कमी होते; पद कमी झाले तर अतिरिक्त ठरतो तो सेवाज्येष्ठतेत शेवटचा, म्हणजे हाच. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेल्या मुलाच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घेण्यात त्याची संध्याकाळ जाते. त्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी जी तयारी हवी ती करायला उरते रात्र. बदल्यांच्या आणि समुपदेशनाच्या व्यवहारात सोयीच्या शाळा ज्येष्ठांकडे जातात; नव्याच्या वाट्याला बहुधा उरतो तो अवघड क्षेत्रातला डोंगरावरचा पाडा, जिथे पहिली ते चौथी एका खोलीत बसते आणि मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाची नसते. बहुवर्ग अध्यापन हे या पेशातले सर्वांत कठीण कौशल्य. ते आपण ज्याला सर्वांत कमी अनुभव आहे त्याच्याकडून अपेक्षितो. मदतीला केंद्रप्रमुख असावा अशी व्यवस्था कागदावर आहे. त्यांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि जिथे केंद्रप्रमुख आहे तिथे तोही माहितीच गोळा करत फिरतो.

हे सगळे असेच असावे लागते, असे नाही. शिक्षक गळतीचा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत रिचर्ड इंगरसोल यांनी अनेक वर्षे हा विषय लावून धरला. तिथे पहिल्या पाच वर्षांत ४० टक्क्यांहून अधिक शिक्षक पेशा सोडतात असा त्यांचा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांश. तळमळीची टंचाई एकाच वेळी मोखाड्यात, मँचेस्टरमध्ये आणि मिसिसिपीत पडावी हे जरा चमत्कारिक आहे. इंगरसोल यांचा निष्कर्ष असा की शिक्षकांचा तुटवडा निवृत्तीमुळे जितका होतो त्याहून अधिक तो शाळा ज्या पद्धतीने चालवल्या जातात त्यामुळे होतो. आणि नवख्याला आपल्याच विषयाचा अनुभवी मार्गदर्शक, सहकाऱ्यांबरोबर नियोजनाचा वेळ, मुख्याध्यापकाशी नियमित बोलणे अशा गोष्टी एकत्र मिळाल्या की सोडून जाण्याचे प्रमाण स्पष्ट घटते. इंग्लंडने तर नव्या शिक्षकाचे तास पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी ठेवायचे ठरवून टाकले. आपण नेमके उलटे करतो. नव्याला जास्त देतो.

खासगी शाळांची गोष्ट लवकर आटोपता येईल, कारण तिथे गळती हा अपघात नाही, धंद्याची पद्धत आहे. १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या शिक्षकांनाही वेतनश्रेणीचे संरक्षण देतो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर गावोगाव उघडलेल्या इंग्रजी शाळांत ते संरक्षण शोधायला कोणी जात नाही. जूनमध्ये नेमायचे, एप्रिलमध्ये मोकळे करायचे, पुढच्या जूनमध्ये नवी बी.एड. झालेली मुलगी घ्यायची. अनुभव वाढला तर पगार वाढवावा लागतो, म्हणून अनुभव वाढू द्यायचा नाही. त्या मुलीचे राजीनामापत्र, लिहायला लावले तर, ‘वैयक्तिक कारणास्तव’ असेच असते. आणि अनुदानाच्या आशेवरच्या शाळांत काय झाले? ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, पण कित्येक शाळांना अनुदानाचा पहिला २० टक्क्यांचा टप्पा दिसायला २०१६ उजाडले. तोवर शिक्षकांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बिनपगारी शिकवले, सुट्टीत शेतमजुरी केली, आझाद मैदानावर मुक्काम ठोकले. तळमळ नाही म्हणणाऱ्यांनी या माणसांकडे एकदा पाहावे. त्यांच्याकडे पाहून बाहेरची पिढी जे शिकली ते मात्र निराळे: अशी तळमळ दाखवणाऱ्याचे पुढे काय होते.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो पुराव्यानिशी येतो. इंडोनेशियात शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली. शिक्षक अधिक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात काडीचा फरक पडला नाही. आंध्र प्रदेशातल्या त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात नियमित शिक्षकाच्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर काम करणारे कंत्राटी शिक्षक कुठल्याही अर्थाने कमी पडले नाहीत, उलट त्यांची गैरहजेरी कमी होती. मग पगार वाढवा कशाला, कंत्राटी नेमा. आणि शासनाने तो धडा तत्परतेने गिरवला. जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर परत बोलावायचे ठरले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे बरोबर शिक्षक दिनाचा मुहूर्त साधून, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. ओरड झाल्यावर तो आधी आकसला आणि मग मागे घेतला गेला. पण हे अभ्यास नीट वाचले तर त्यांतून हा धडा निघत नाही. इंडोनेशियाचा प्रयोग आधीपासून नोकरीत स्थिरावलेल्यांच्या पगाराचा होता. कोण पेशात येते आणि पहिल्या पाच वर्षांत कोण टिकते, हा प्रश्न त्याने मोजलेलाच नाही. आंध्रचा प्रयोग दोन वर्षांचा होता. तुटपुंज्या पैशांवर तरुण माणूस दोन वर्षे जीव तोडून शिकवतो हे त्याने सिद्ध केले, दहा वर्षे शिकवेल हे नाही. आणि गंमत अशी की कंत्राटाच्या बाजूने दिला जाणारा हाच पुरावा तळमळीचा आरोप मुळातून खोडून काढतो. सर्वांत कमी पगाराचे, सर्वांत कच्च्या नोकरीतले तरुण शिक्षक वर्गात जास्त हजर होते. मग कमी पडते आहे ते काय?

इंडोनेशियाच्या अभ्यासातून एक खरी गोष्ट मात्र घ्यायला हवी, आणि ती शिक्षक संघटनांना आवडणार नाही. सर्वांचे वेतन सरसकट वाढवणे हा या दुखण्यावरचा इलाज नाही. जो पंचवीस वर्षे टिकला आहे तो आणखी पाच हजारांनी जास्त टिकणार नाही. पैसा मर्यादित असेल तर तो पहिल्या पाच वर्षांत टाकला पाहिजे, प्रसंगी वरच्या टोकाची वाढ थोडी थांबवून. संघटना हे मागणार नाहीत, कारण संघटना ज्येष्ठांच्या आहेत. राजकारणही मागणार नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, पण तिथे मत द्यायला माध्यमिक किंवा वरच्या संस्थेत गेल्या सहापैकी तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. म्हणजे माध्यमिकचा शिक्षण सेवक त्याच्या सर्वांत हलाखीच्या तीन वर्षांत मतदार नसतो आणि प्राथमिकचा तर कधीच नसतो. ज्यांचे जाणे आपण मोजत नाही, त्यांचे असणेही कुठे मोजले जात नव्हते.

‘गेले तर जाऊ देत, माणसे नोकऱ्या बदलतातच,’ असेही सांगितले जाते. इतर पेशांत ते चालते. शिक्षकाचे कसब पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने वाढते, यावर अमेरिकेतल्या कित्येक अभ्यासांचे एकमत आहे. पहिल्या वर्षी तो मुलांच्या जिवावर शिकतो, हे कटू पण खरे आहे. त्याचा मोबदला मुलांना मिळायचा तो तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. नेमका तेव्हा तो गेला तर त्याच्या जागी पुन्हा पहिल्या वर्षाचा माणूस येतो आणि त्याच पाड्यावरची मुले दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कोणाच्या तरी सरावाच्या कामी येतात. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांवर रॉनफेल्ट, लोएब आणि वायकॉफ यांनी केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की शिक्षकांची ये-जा जास्त असेल तिथे न बदललेल्या शिक्षकांच्या वर्गातली मुलेही मागे पडतात. शाळेची घडी मोडते ती सगळ्यांचीच. वरच्या वस्तीतली शाळा हे सोसू शकते, कारण तिथे घरी शिकवणारे कोणी असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला शिक्षकाशिवाय दुसरे काही नसते.

उरला पैसा. शिक्षण सेवकाची तीन वर्षे म्हणजे नेमकी किती बचत, हे मांडून पाहावे. प्राथमिक शिक्षकाच्या मूळ वेतनातून मानधन वजा केले तर महिना १३,२०० रुपये, छत्तीस महिन्यांचे ४ लाख ७५ हजार २०० रुपये; महागाई भत्ता धरला तर त्याच्या दुपटीच्या वर. म्हणजे नोकरीत शिरणारा प्रत्येक शिक्षक राज्याला काही लाख रुपये प्रवेशमूल्य देतो, आणि ते त्याला कधीच परत मिळत नाही. दहा हजारांची एक भरती धरली तर भत्त्यांसह हा खर्च तीन वर्षांत हजार कोटींच्या घरात जातो, वर्षाला साधारण साडेतीनशे कोटी. रक्कम लहान नाही, पण हजारो कोटींचा वार्षिक खर्च असलेल्या विभागाला ती न झेपणारीही नाही. गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जे सुनावले त्याचा आशय असा की समारंभांतून गुरुमहिमा गाणे पुरेसे नाही, तो शिक्षकाला मिळणाऱ्या वागणुकीत दिसला पाहिजे. महाराष्ट्रात तो दिसायचा असेल तर शिक्षण सेवक योजना रद्द करायला एक शासन निर्णय पुरतो. पहिल्या दोन वर्षांत बीएलओ आणि पोर्टलची कामे नव्या शिक्षकाला न देण्यासाठी दुसरा पुरतो. तिसरी गोष्ट म्हणजे किती जण, कितव्या वर्षी आणि कुठल्या तालुक्यातून सोडून जातात याचा वार्षिक तक्ता जाहीर करणे. यू-डायसचे अहवाल शाळेत किती शिक्षक आहेत ते सांगतात, किती निघून गेले ते सांगत नाहीत. या तक्त्यासाठी तर शासन निर्णयही लागत नाही. अनुदानित शाळांतला माणूस पगारपत्रकावर कधी चढला आणि त्यावरून कधी उतरला, याची नोंद शालार्थ या वेतनप्रणालीत दर महिन्याला होतच असते.